तीन मिनिटांचा डाव



कीर्तनकाराचा लेख म्हटल्यावर एखाद्या अभंगाचे निरूपण असेल म्हणून आपण चष्मा पुसून बसला असाल. आज तसे नाही. मी रात्री मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो आणि त्यातही एक लबाडीचा डाव खेळतो, त्याविषयी लिहायचे आहे. संपादकांना आधी विचारून घेतले. ते म्हणाले, "लिहा महाराज, पण शेवटी विषयावर या." तेव्हा येईनच. थोडा धीर धरावा.

ही सवय लागली ती आवाज गेल्यामुळे. तीन वर्षांपूर्वी घशाची शस्त्रक्रिया झाली. घरात पाणी मागण्याइतका आवाज राहिला, मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा गेला. पण पन्नास वर्षे रात्री नऊ ते अकरा उभे राहण्याची सवय. गळा निवृत्त झाला तरी शरीर त्या वेळेला टक्क जागे. पोथी वाचावी तर डोळ्यांवर ताण येई. हरिपाठ म्हणून झाला तरी झोप नाही. दिवाळीत नातू पुण्याहून आला होता, तो म्हणाला, "आबा, तुम्ही वारीत बुद्धिबळ खेळायचात ना? मग हे घ्या." आणि त्याने मोबाइलवर लिचेस नावाचे ठिकाण उघडून दिले. थिबो ड्युप्लेसी नावाच्या एका फ्रेंच माणसाने २०१० साली ते सुरू केले. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, सगळे लोकांच्या देणगीवर चालते. मला अन्नछत्राची आठवण झाली. कोणीही यावे, पाटावर बसावे, समोर कोण आहे ते विचारू नये.

वारीत खेळायचो हे खरे. माझे पखवाजी आणि मी. माउलींच्या पालखीबरोबर लोणंदच्या मुक्कामी दुपारी झाडाखाली ते पिशवीतून कापडाचा पट काढत. मोहरी लाकडाची, एका हत्तीचे डोके मोडलेले. आम्ही देशी पद्धतीने खेळत असू. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जाते, किल्लेकोट नाही, राजाला शह बसायच्या आत एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा उरवला तर तो बुर्ज, म्हणजे बरोबरी, जिंकणे नव्हे. आणि प्याद्याने मात दिली तर ती सगळ्यांत मानाची. आमचे पखवाजी प्यादेमातीसाठी हाती आलेली वजिराची मात सोडून देत. डाव कधी कधी दोन मुक्काम चाले. असल्याच संथ देशी खेळावर वाढलेला पंजाबातला मीर सुलतान खान इंग्लंडला गेला, नवे नियम शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन आला. प्रत्यक्ष कापाब्लांकाला त्याने हरवले. त्याला ग्रँडमास्टर ही पदवी मिळाली ती २०२४ साली, मरणानंतर पुष्कळ वर्षांनी. असो. म्हाताऱ्याला आडवाटेला जायची खोड असते.

मोबाइलवरचा खेळ निराळा. त्याला ब्लिट्झ म्हणतात. प्रत्येकाला तीन मिनिटे. तेवढ्या वेळात आमच्याकडे एक चाल धड लागत नाही. मोहरे हलवले की आपले घड्याळ थांबते आणि समोरच्याचे धावते. वेळ संपली की हरलात, मग पटावर काहीही असो. पहिले दोन महिने मी सडकून हरलो. चांगली जागा मिळवायचो आणि विचार करता करता घड्याळ शून्यावर यायचे. तिथे प्रत्येकाला गुण असतात. आरंभी पंधराशे देतात, माझे अकराशेच्या खाली गेले.

मग नातवाने स्टॅफर्ड गॅम्बिट दाखवला.

गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच एखादे प्यादे मुद्दाम द्यायचे आणि त्याच्या बदल्यात काही साधायचे. शब्द मूळचा इटालियन, तंगडी घालून पाडणे अशा अर्थाचा. १५६१ साली रुय लोपेझ नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने तो बुद्धिबळात आणला. आपल्याकडे आखाड्यात टांग मारतात, तेच. काही गॅम्बिट पक्के असतात, थोरथोर खेळाडू ते खेळतात. काही कच्चे असतात. स्टॅफर्ड कच्च्यांतला.

पट डोळ्यांसमोर आणा. पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे सारतो, आपण काळे, आपणही तेच करतो. तो राजाकडचा घोडा काढून आपल्या प्याद्यावर रोखतो. आपण आपले प्यादे राखायचे सोडून त्याच्या प्याद्यावर आपला घोडा रोखतो. इथवर सगळे शास्त्रोक्त आहे. पेत्रोव्ह या रशियन खेळाडूच्या नावाने हा बचाव ओळखला जातो. २०१८ साली लंडनला जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यात कारुआनाने कार्लसनविरुद्ध तो खेळला आणि बरोबरी साधली. आता पांढऱ्याचा घोडा आपले प्यादे खातो. शास्त्र सांगते, एक खेळी थांबा: वजिरापुढचे प्यादे एक घर सारून त्या घोड्याला हुसकावा, मग त्याचे प्यादे खा. हिशेब फिटतो. स्टॅफर्डवाला ती एक खेळी थांबत नाही. तो दुसरा घोडा समोर नेऊन ठेवतो आणि म्हणतो, खा. पांढरा खातो, आपण वजिरापुढच्या प्याद्याने परत खातो. एकूण जमाखर्च काय? एक प्यादे गेले, ते गेलेच. मिळाले काय, तर दोन्ही उंटांच्या वाटा मोकळ्या झाल्या आणि वजिरापुढची पट्टी उघडली.

पांढरा आता सरळ माणसासारखा आपले मधले प्यादे दुसऱ्या प्याद्याने राखतो. आपण उंट काढून त्याच्या राजाशेजारच्या प्याद्यावर नजर धरतो. आणि इथे तीन मिनिटांच्या खेळातला माणूस फार वेळा एक खेळी करतो: उंट लांबवर नेऊन आपला घोडा आपल्या वजिरासमोर जखडून टाकतो. पुस्तकी खेळी आहे, हाताला सवयीची आहे. पण हीच खाई. आपण तो जखडलेला घोडा बिनधास्त उचलायचा आणि त्याचे मधले प्यादे खायचे. वजीर उघडा पडतो. वजीर दिसला की समोरच्याचे बोट थांबत नाही! तो वजीर खातो. मग आपला उंट राजाशेजारचे प्यादे खाऊन शह देतो. राजाला जायला एकच घर, तो तिथे येतो. आणि दुसरा उंट अलगद बाहेर येतो. मात. वजीर मेलेला, आणि दोन उंट व एक घोडा यांनी राजाला कोंडलेले. आठ खेळ्यांत खेळ खलास.

एरिक रोझेन नावाचा एक अमेरिकन आंतरराष्ट्रीय मास्टर आहे. २०२०च्या सुमारास, सगळे घरात कोंडलेले असताना, त्याच्या चित्रफितींनी हा डाव जगभर नेला. नातवाने मला त्या दाखवल्या. तो वजीर देताना अगदी हळू आवाजात हळहळतो, अरेरे, माझा वजीर गेला, अशा अर्थाचे काहीतरी म्हणतो. मला इंग्रजी बेताचेच कळते, पण तो स्वर मी ओळखला. मीही तो स्वर लावलेला आहे.

पहिल्यांदा माझ्याकडून ती मात झाली तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते. मी अंथरुणातच ताडकन बसलो. आतून विचारणा झाली, "काय झालं? छातीत दुखतंय का?" म्हटले, नाही, वजीर दिला. त्यावर जे उत्तर आले ते इथे छापण्यासारखे नाही.

त्या महिन्यात माझे गुण अकराशेवरून साडेबाराशेवर गेले. पण या ठिकाणी एक सोय आहे. डाव संपला की एक कळ दाबायची, आणि यंत्र प्रत्येक खेळी तपासून सांगते. स्टॉकफिश त्याचे नाव. मी कौतुकाने माझी मात तपासायला दिली. त्याने काय दाखवावे? माझ्या तिसऱ्याच खेळीला त्याने चूक म्हणून खूण केली. पांढऱ्याची बाजू दीड-दोन प्याद्यांनी वरचढ झाली म्हणाले. आणि पांढऱ्याने काय करायला हवे होते तेही दाखवले: काही नाही, उंट शांतपणे राजापुढच्या घरात ठेवायचा, मग मधली प्यादी एकेक पुढे सारून माझ्या उंटाची वाट बंद करायची. बस्स. मी जिंकलो होतो, मात माझी होती, पण यंत्राच्या लेखी मी तिसऱ्या खेळीलाच हरलेला होतो. समोरच्याला ते दिसले नाही एवढेच.

यंत्राला भीड नसते. त्याने माझ्या पायांवर डोके ठेवलेले नसते.

वाचकहो, त्या रात्री मी ते आकडे बघत बसलो आणि मला शेळी आठवली. आता विषयावर येतो.

मी आळंदीला जोगमहाराजांच्या संस्थेत शिकलो. ही संस्था १९१७ची. तिथे पाठांतर होते, अर्थ होता, आणि वरचेवर एक ताकीद होती: प्रमाण द्या. जे बोलाल त्याला ग्रंथातला आधार हवा. दृष्टांत रचायला बंदी नव्हती. शेतातला, बाजारातला, कालच्या पावसातला दृष्टांत घ्यावा, पण तो दृष्टांत म्हणून सांगावा. मी तिशीत असताना एका सप्ताहात पाचव्या दिवशीचे कीर्तन माझ्याकडे होते. दिवसभर नांगरट करून आलेले लोक, दहा वाजून गेलेले, पुढच्या रांगेत दोघे घोरत होते. निरूपण बरे चालले होते, पण मंडप हातातून निसटत होता. पुढे नेटाने जावे, एकेक पद उलगडावे, तर अर्धे लोक उठून जातील अशी धास्ती वाटली. आणि माझ्या तोंडून एक गोष्ट निघाली.

एक विधवा बाई. पावसाळी रात्र. तिच्या दारात चाळीस वारकरी भिजत उभे. घरात दाणा नाही. दारात एकच दुभती शेळी, नातवाच्या दुधाची. बाई रातोरात शेळी विकते, पिठले-भाकरी करते, सगळ्यांना जेवू घालते. सकाळी उठून पाहते तो खुंट्याला शेळी, आणि शेळीला दोन करडं! इथे मी थांबलो. पखवाजींनी नेमकी थाप दिली. टाळ उठले. घोरणारे दोघे हात जोडून रडत होते.

कोणीतरी नंतर विचारले, महाराज, कोणाची गोष्ट? मी म्हणालो, चरित्रात आहे.

ती गोष्ट कुठल्याही चरित्रात नाही. मी ती उभ्या उभ्या रचली होती. पण एकदा जिंकलेला डाव कोण सोडतो? त्यानंतर नांदेडपासून नगरपर्यंत, जिथे मंडप सैल झाला तिथे मी शेळी सांगितली. दर खेपेला जमली. कधी तिला तीन करडं झाली. पखवाजींनी एकदा पटावर नजर ठेवूनच विचारले, "महाराज, ही शेळी कुठल्या ग्रंथात आहे हो?" मी हत्ती सारला आणि म्हणालो, "तुमची खेळी."

बालाघाटच्या डोंगरातले एक गाव. एका वर्षी तिथे शेळी सांगून झाली होती. पुढच्या वर्षी काल्याच्या कीर्तनाला पुन्हा मीच. प्रसाद झाला, ओसरीवर आडवा झालो होतो. एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील, कपाळ मोकळे. लांब बसल्या. म्हणाल्या, "म्हाराज, गेल्या साली तुम्ही शेळीचं सांगितलं. म्या बी माझी शेळी इकली. पंगतीला घातलं समदं. वरीस झालं. सून बोलती रोज, पोराचं दूध गेलं म्हून. म्या काई मागायला नाई आले. माझ्या भक्तीत काय उणं ऱ्हायलं, तेवढं सांगा."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांना खरेच विचारायचे होते.

मला तेव्हा काय बोलता आले असते? बाई, ती गोष्ट मी बनवली. एवढी पाच शब्दांची खेळी होती. ओसरीवर गावचे पाटील, टाळकरी, विणेकरी, सगळे बसलेले. मी म्हणालो, "आई, देव परीक्षा बघतो. वाट बघा."

त्या "बरं" म्हणाल्या. पायांवर डोके ठेवले आणि गेल्या.

परतीच्या एसटीत पखवाजी बोलले नाहीत. पुढच्या मुक्कामी पट निघाला नाही. दोन दिवसांनी चहा पिताना म्हणाले, "तिचं जनावर गेलं, महाराज. आपलं काय गेलं? आपण नारळ घेऊन आलो."

त्यानंतर शेळी सांगणे मी सोडले, असे लिहायला मला आवडले असते. चार वर्षे सांगितली. थांबली ती माझ्या विवेकाने नव्हे. पखवाजींनी त्या जागी थाप देणे सोडून दिले. मी "दोन करडं!" म्हणून थांबायचो आणि पखवाज गप्प. नुसता मंडपाचा पडदा फडफडायचा. थापेवाचून ती गोष्ट उभी राहत नाही, हे मला दोन-तीन गावांत कळले, आणि मग ती माझ्या बोलण्यातून गेली. याविषयी आम्ही एक शब्दही बोललो नाही. पट मात्र पुन्हा निघू लागला. ते गेले त्याला सहा वर्षे झाली.

आपण विचाराल, मग तुम्ही अजून तो स्टॅफर्ड का खेळता? नातवानेही विचारले. त्याचे म्हणणे, "आबा, बाराशेपर्यंत चालतं हे. वर गेलात की लोकांना माहीत असतं." खरे आहे. आता माझ्यासमोर येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण उंट शांतपणे राजापुढे ठेवतात, आणि मी एका प्याद्याने उणा, घामाघूम होऊन तीन मिनिटे मरत राहतो. दहा मिनिटांच्या डावात तर तो जवळजवळ चालतच नाही. माणसाला बघायला वेळ मिळाला की उघडा वजीर कशासाठी उघडा आहे हे दिसतेच. तरी मी खेळतो. एक तर मजा येते, ते कशाला लपवू? आणि दुसरे, तिथे जे प्यादे जाते ते माझे असते. हरलो तर आठ-दहा गुण जातात, माझेच जातात. समोरचा ब्राझीलचा असो की बिहारचा, तो पटावर बसताना लढायलाच बसलेला असतो, आणि यंत्र मला जे सांगते ते त्यालाही सांगते. फसलेल्याने कळ दाबली की तिसऱ्या खेळीवर माझी चूक तांबड्या खुणेने त्याच्यासमोर उघडी असते. काही जण ती बघून लगेच पुन्हा डाव मागतात. मी देतो. पुन्हा तेच खेळतो, आणि त्या खेपेला बहुधा हरतो. परवा एकाने मला असे ओळीने चार वेळा हरवले.

त्या बाईंकडे कळ नव्हती. कळ मी होतो, आणि मी वाट बघा म्हणालो.

गावाचे नाव लिहीत नाही. बाईंच्या घरच्यांना ते रुचणार नाही. पण ओढ्याच्या अलीकडे मारुती, पलीकडे विठ्ठलाचे देऊळ, आणि मधला फरशीचा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, एवढ्यावरून ज्यांचे गाव आहे त्यांना कळेल. त्या भागात या अंकाचे वर्गणीदार आहेत, हे मी संपादकांकडून मुद्दाम विचारून घेतले. साल १९८९च्या पुढेमागे. बाई आज असल्या तर पंच्याऐंशीच्या पुढे असतील. नसल्या तर सून असेल. त्या वेळी दूध तुटलेला तो नातू आज चाळिशीला आला असेल.

आपल्यापैकी कोणी त्या घराला ओळखत असेल तर एवढे वाचून दाखवावे. ती गोष्ट कोणत्याही ग्रंथात नाही. ती मी रचली होती. बाईंच्या भक्तीत काहीही उणे नव्हते. हे त्यांना त्याच ओसरीवर, सगळ्यांदेखत सांगायला हवे होते. आता माझा आवाज ओसरीच्या पलीकडे जात नाही, म्हणून छापून सांगतो आहे.

आमच्या इथल्या बाजारात मी दुभत्या शेळीची चौकशी करून ठेवली आहे. पत्ता कळला की नातू गाडी घेऊन येतो म्हणाला आहे. निरोप संपादकांकडे द्यावा.